वाघ तिकडे, वाघोबा इकडे

ताडोब्याची जिप्सी सफारी म्हणजे सध्याचा एकदम हिट प्लॅन. पण नायगाव-वसईकरांच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या चिंचोटीच्या डोंगराचं काय? 'वाघ' तिथेही आहे. फक्त त्याला तिकीट नाही, टायमिंग नाही आणि गॅरंटी तर मुळीच नाही...

एप्रिल सरत आला की प्रत्येक ऑफिसात एक तरी प्राणी असा असतो, जो सोमवारी रापलेलं तोंड घेऊन येतो आणि लॅपटॉप उघडायच्या आधी कॅमेरा उघडतो. "हे बघ... अरे, बारा फुटांवर होता, शप्पथ!" फोटोत रस्त्यात ऐसपैस पसरलेला वाघ आणि मागे ओळीने उभ्या राहिलेल्या जिप्स्या. मग लंचटाइमला डबे उघडण्याआधी कथाकथन सुरू. बॉससुद्धा खुर्ची ओढून ऐकायला बसतो. प्रमोशन मिळालेल्याला मिळत नाही एवढा भाव त्या दिवशी त्या माणसाला मिळतो.

चार वर्षं मी हे मुकाट ऐकत होतो. पाचव्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, आम्हीही निघालो. ऑफिसातले आम्ही चौघं, एक उसना टेलिलेन्स, आणि कुणाच्या तरी आईने बांधून दिलेल्या दशम्या. सीएसएमटीहून रात्रीची दुरांतो, सकाळी नागपूर, तिथून गाडीने मोहर्ली.

आणि आता गंमत सांगतो. मी राहतो नायगाव पूर्वेला, चिंचोटीपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या बेडरूमच्या खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. त्या डोंगराकडे पाठ करून, आठशे-साडेआठशे किलोमीटर तुडवत मी 'जंगल' बघायला गेलो होतो!

आधी ताडोबा...

ताडोब्याला जाऊन कुणी निराश होऊन परत येत असेल तर तो माणूस वाघाच्याच नव्हे, जगण्याच्याही लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५५ साली झालेलं हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. त्याला अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. आतला गाभा, म्हणजे कोअर, ६२५ चौरस किलोमीटर. भोवतीचा बफर धरून सगळा मिळून १,७२७.

पहाटे साडेपाचला गेटवर रांग. ओळखपत्रं तपासली जातात, मोबाइल बाहेरच ठेवावे लागतात. (पहिली दहा मिनिटं हात सारखा खिशाकडे जातो. मग विसरायला होतं. ही एक गोष्ट तरी ऑफिसात लागू करायला हवी!) जिप्सीत सहा पर्यटक, एक ड्रायव्हर, एक गाइड. रोज विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जाणाऱ्या माणसाला एवढी जागा म्हणजे महालच वाटतो.

पहिल्या सफारीत वाघ दिसला नाही. पण काय काय दिसलं ते बघा. साग आणि बांबूचं सरळसोट जंगल. मध्येच पांढराफटक, पान नसलेला कहांडोळ. त्याला इथे भुताचं झाड म्हणतात, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात का म्हणतात ते बरोब्बर कळतं. रानगव्यांचा कळप, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. पाणवठ्यावर रानकुत्र्यांची टोळी, एकमेकांच्या अंगावर उड्या मारत, अगदी कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरांसारखी. आणि मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ओळीने उभे असलेले जुने दगडी खांब. गोंड राजांच्या काळातले हे खांब. त्यांच्या भोकांतून दोर ओवलेला असे, राजा निघाला की दोर ओढून घंटा वाजवत पुढे निरोप जायचा, असं आमच्या गाइडने सांगितलं. थोडक्यात, त्या काळचा एसएमएस!

'ताडोबा' हे नाव कुठून आलं, हेही त्यानेच सांगितलं. तारू नावाचा एक गावप्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो मेला. लोकांनी त्याला देव केलं. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, आणि पौषात आदिवासी तिथे जत्रेला यायचे. म्हणजे ज्या नावावर आपण बुकिंग करतो, ते वाघाचं नाही, वाघाने मारलेल्या माणसाचं आहे. हे ऐकून जिप्सीत मिनिटभर कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उन्हं कलताना, चितळाचा कॉल आला. मग वानराचा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बांबूतून वाघीण आली. घाई नाही, भीती नाही, आमच्याकडे बघणंही नाही. पाण्याशी गेली, वळली, आणि आधी शेपूट, मग मागचे पाय असं करत उलटी पाण्यात शिरून बसली. वाघ असेच पाण्यात शिरतात. तोंड आमच्याकडे, डोळे अर्धे मिटलेले.

बारा मिनिटं. शटरच्या आवाजाशिवाय काही नाही. माझ्या शेजारचा मित्र, जो प्रेझेंटेशनच्या मध्येही विनोद करतो, तो रडत होता.

पण खरं सांगायचं तर तेराव्या मिनिटाला मागे बघितलं आणि पोटात गोळा आला. चौदा जिप्स्या मी मोजल्या. "दादा, जरा पुढे घ्या ना!" "अहो, आमच्या फ्रेममध्ये तुमचं डोकं येतंय!" डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची दोन्ही बाजूंनी वाट अडवली होती, ते आठवलं. तेव्हा गाइड-ड्रायव्हर निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्या रांगेत तसं काही घडलं नाही. पण 'अजून थोडं पुढे'चा मोह चौदाही गाड्यांत होता. आमच्याही.

फुकटातला वाघ

आम्ही मोहर्लीजवळच्या एका गावात, एका घरीच उतरलो होतो. रात्री जेवायला वाढताना घरच्या काकूंना आम्ही चौघांनी एकाच वेळी, एकमेकांचं तोडत, वाघिणीची गोष्ट सांगितली. काकूंनी शांतपणे भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "तुमी पैशे देऊन वाघ पायता, बाबू. आमाले तं फुकटातच दिसते."

हसलो आम्ही. मग त्या पुढे बोलल्या आणि हसू थांबलं. एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायचा, हा या भागातल्या घरांचा वर्षाचा रोख पैसा. मोह वेचायचा म्हणजे पहाटे जायचं, वाकून वेचायचं. पत्ता तोडायचा म्हणजे झुडपात बसायचं. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आम्ही पोचायच्या काही दिवस आधीच, १० मे २०२५ रोजी, याच जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या होत्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द ताडोब्याच्या कोअरमध्ये, प्राण्यांच्या खुणांची पाहणी करत पायी चाललेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला. ती परत आली नाही.

"मंग राग येते का वाघाचा?" मी त्यांच्याच भाषेत विचारायचा प्रयत्न केला.

काकू म्हणाल्या, "राग येऊन कोठी जाईन? पोरगा जिप्सी चालवते ना माहा."

मुलगा वाघावर जगतो, आई वाघाला भिऊन जगते. एकाच घरात, एकाच चुलीवर. आपण जे बघायला जातो त्याचं हे दुसरं टोक, आणि ते कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं.

आकड्यांत बोलायचं तर ही यशाची गोष्ट आहे. २००६ च्या गणनेत भारतात १,४११ वाघ होते. २०२२ मध्ये ३,६८२. महाराष्ट्रात १०३ होते, ते ४४४ झाले. मस्तच! पण वाढलेले वाघ कुठे तरी राहणार ना? ते काकूंच्या मोहाखाली राहतात.

मागच्या दारचं जंगल

परत आलो. सोमवारी रापलेलं तोंड घेऊन ऑफिसला गेलो, कॅमेरा उघडला, भाव खाल्ला. सगळं यथासांग झालं. आणि घरी येताना नायगावला उतरून रिक्षात बसलो, चिंचोटीकडे निघालो, तेव्हा समोर तो डोंगर. रोजचाच. पण मला पहिल्यांदा प्रश्न पडला, यात काय आहे?

चिंचोटी म्हटलं की मुंबईकराला एकच आठवतं, धबधबा. मुंबई-अहमदाबाद हायवेला भिवंडीकडून येणारा रस्ता जिथे मिळतो तिथे चिंचोटी. गावामागून जंगलात पायवाट जाते, ओढा ओलांडत ओलांडत चढते आणि शंभरेक फुटांवरून कोसळणाऱ्या पाण्यापाशी पोचते. पावसाळ्यात हे दृश्य इतकं भारी असतं की पोरं जीव ओवाळून टाकतात. आणि काही जण खरोखरच टाकतात. ७ जुलै २०१८ ला पाणी अचानक वाढलं, शंभराहून जास्त पर्यटक पलीकडे अडकले. त्यांना सोडवायला अग्निशमन दल आणि गावकऱ्यांना तासन्‌तास झुंजावं लागलं, आणि एकाचा बुडून जीव गेला. त्याआधी आणि त्यानंतरही इथे बरेच बुडाले. म्हणूनच पावसाळ्यात इथे बंदीचे आदेश निघतात.

पण हा धबधबा ज्या जंगलात पडतो, ते जंगल फारच कमी जणांना माहीत असतं. हे तुंगारेश्वर अभयारण्य. २००३ मध्ये घोषित झालेलं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर, बांबू. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर अशी काही शीळ घालतो, की कुणी तरी पोरगं मजा करत चाललंय असंच वाटतं. आणि या जंगलाची खरी किंमत त्याच्या जागेत आहे. दक्षिणेला वसईच्या खाडीपलीकडे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ईशान्येला तानसा अभयारण्य. तुंगारेश्वर मधला दुवा. हा दुवा तुटला तर बोरिवलीचं जंगल म्हणजे चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेलं बेट.

इथे पूर्वी पट्टेवाला वाघही होता. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. आता नाही. आता राज्य आहे बिबट्याचं. पण इथल्या पाड्यांवर जाऊन 'बिबट्या' म्हणालात तर लोक तुमच्याकडे शहरी पाहुणा म्हणून बघतील. त्यांच्यासाठी तोही वाघच.

महाराजाचा रस्ता

आता दोन भन्नाट गोष्टी.

पहिली 'आजोबा'ची. २००९ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढलं, डॉ. विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याच्या गळ्यात कॉलर बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. स्वारी निघाली. मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, तानसा, तुंगारेश्वर, वसईच्या कारखान्यांची वस्ती, मग पोहत खाडीपार, आणि मुक्काम थेट बोरिवलीच्या जंगलात! सुमारे १२० किलोमीटर, महिन्याभराच्या आत. वाटेत कुणाला इजा नाही, कुणाला पत्ताही नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेने तो गेला. २०१४ मध्ये त्याच्यावर 'आजोबा' हा मराठी सिनेमाही आला; उर्मिला मातोंडकर होती त्यात.

दुसरी गोष्ट तर माझ्या अंगणातलीच. २०२१ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काही बिबट्यांना कॉलर लावण्यात आल्या. त्यातल्या एका नराचं नाव 'महाराजा'. हे महाराज उद्यानाच्या खाडीअलीकडच्या नागला भागातून निघून तुंगारेश्वरला जायचे आणि परत यायचे. वाटेत काय? वसई-दिवा रेल्वेमार्ग आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता. म्हणजे ज्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकून मी बॉसला 'ट्रॅफिक में हूं सर' असा मेसेज टाकतो, तोच रस्ता. फरक इतकाच की महाराज तो रात्री, चुपचाप, दोन ट्रकांच्या मधल्या अंधारात ओलांडतात.

ताडोब्यात वाघीण बघायला मी एवढे पैसे मोजले, आणि इथे एक बिबट्या माझ्याच रस्त्याने अप-डाऊन करतोय, सीझन तिकिटावर!

पिंजरा लावा!

इथवर सगळं छान, रोमँटिक. मग नोव्हेंबर आला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप पडली. रात्री पावणेतीन. मागची कंपाउंड वॉल. भिंतीवर एक लांब शेपूट, मग पाठ, मग अख्खा बिबट्या. सहा सेकंद थांबला, उतरला, गेला.

रविवारी क्लब हाउसमध्ये मीटिंग. एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. मागणी एकच, पिंजरा लावा आणि घेऊन जा.

भिणाऱ्यांना हसणं सोपं आहे, पण त्या दिवशी कुणाला हसू येत नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले होते; संतापलेल्या लोकांनी रस्त्यावर उतरून आंदोलनं केली होती. ते सगळं टीव्हीवर ताजं होतं. आमच्या सी विंगमधल्या एक वहिनी म्हणाल्या, "माझं पोरगं पाच वर्षांचं आहे. तुम्ही मला जंगलाबद्दल काही सांगू नका." यावर कोण काय बोलणार?

तरी मी बोललो. मोहर्लीच्या काकू डोक्यात होत्या म्हणून असेल. मी म्हटलं, वहिनी, तुमची भीती शंभर टक्के खरी. प्रश्न एवढाच, की पिंजऱ्याने ती कमी होते का? जुन्नरमध्ये २००१ पासून बिबटे पकडून दूर दूर सोडायला सुरुवात झाली. अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते त्या काळात सतरावर गेले. कारण साधं आहे. जागेवरचा बिबट्या तिथली माणसं, कुत्री, वाटा ओळखून असतो. त्याला उचललात की रिकाम्या जागेत दुसरा येतो, नवखा. आणि उचललेला जिथे टाकलात तिथे तो स्वतःच नवखा, वर बिथरलेला. शिवाय बिबट्या कायद्याने पहिल्या अनुसूचीत. पिंजऱ्याला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. सोसायटीच्या लेटरहेडवर तो निर्णय होत नाही.

निवृत्त पोलीस असलेले एक काका उठले. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. काका म्हणाले, "तो आत का आला, ते बघा आधी." आणि सगळ्यांना घेऊन मागच्या बाजूला गेले. तिथे आमच्याच कॅन्टीनचं उरलंसुरलं, त्यावर पोसलेली नऊ कुत्री, दोन बंद पडलेले दिवे आणि कमरेइतकं वाढलेलं गवत. बिबट्यासाठी बुफे लावून ठेवला होता आपण!

पिंजऱ्याचं पत्र त्या दिवशी थांबलं. फार मोठ्या बहुमताने नाही, पण थांबलं. कचरा रोज सकाळी उचलायचा, गवत कापायचं, दिवे लावायचे, अंधार पडल्यावर मुलांनी मागच्या बाजूला एकटं जायचं नाही, आणि वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६ प्रत्येक लिफ्टमध्ये चिकटवायचा, असं ठरलं. वहिनी म्हणाल्या, "मी अजून पिंजऱ्याच्याच बाजूची आहे. तीन महिने बघू." ठीक आहे. तीन महिन्यांत क्लिपा आल्या नाहीत असं नाही, दोन आल्या. दोन्ही भिंतीच्या पलीकडच्या.

वाघोबाच्या पाड्यावर

डिसेंबरच्या एका सकाळी मी चिंचोटीमागच्या डोंगरात गेलो. सोबत पाड्यावरचा एक दादा, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये माळीकाम करणारा. तो पुढे, मी मागे. ना जिप्सी, ना गेटवरची रांग. थंडीत ओढा शांत झालेला, खडकांतून बोटभर पाणी. पानगळीला सुरुवात झालेली, त्यामुळे पायाखाली सतत कुरकुर. ताडोब्यात आपण बसून जंगल बघतो. इथे पायी चालताना जंगल आपल्याला बघतं, आणि पाठीला ते जाणवतं.

पाड्याच्या कडेला, झाडाखाली एक शिळा होती. शेंदूर माखलेली. वर सूर्य-चंद्र, खाली चार पायांचा, लांब शेपटीचा प्राणी. "वाघोबा," दादा म्हणाला आणि चप्पल काढली. मीही काढली.

पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वारली लोकांच्या वाघोबावर एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आहेत. आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला, पाड्यांवर वाघबारस होते. वाघोबाला नारळ, कोंबडं देतात आणि सांगणं करतात, आमची गुरं-पोरं सांभाळ. त्या अभ्यासात हेही आहे, की या भक्तीमुळे नुकसान होत नाही असं नाही. बकरी जाते, कुत्रं जातं, राग येतो. पण तो राग आणि तो देव, दोन्ही एकाच घरात राहतात. मला मोहर्लीची चूल आठवली.

जवळच्या झोपडीतल्या आजी उन्हात बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, वाघ येतो का इथे?"

"येतो की. त्याची वाट हाय ही."

"भीती नाही वाटत?"

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पलीकडे, झाडांच्या फटीतून दिसणाऱ्या आमच्या टॉवरकडे बोट केलं. "तां तुमचा घर ना? तवा तिथं डोंगरच व्हता. वाघाला भीती वाटली आसंल, नाय का?"

उतरताना ओढ्याच्या ओल्या वाळूत दादाने मला थांबवलं. पंजा. चार बोटं, मागे रुंद तळवा, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या पावलात नखं उठतात, मांजरकुळात ती आत असतात. काठ कोसळलेले नव्हते, म्हणजे रात्रीचाच. तो धबधब्याकडून आला होता आणि हायवेच्या दिशेने गेला होता.

मी कॅमेरा काढला नाही. ऑफिसात दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतंच; ओल्या वाळूतली चार बोटं, बस. पण एक सांगतो. ताडोब्याच्या त्या बारा मिनिटांत मला वाघीण दिसली. इथे मला माझा पत्ता दिसला. मी कुठे राहतो, कुणाच्या शेजारी राहतो, ते.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास चिंचोटीच्या सिग्नलच्या अलीकडे मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, जरा हळू घ्या." तो म्हणाला, "पुढे कोणी आहे का?" म्हटलं, "असेलही."

जायचंय? मग हे वाचा!

• ताडोबा : कोअर जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, आणि मंगळवारी सुट्टी. बुकिंग ऑनलाइन, सीझनमध्ये फार आधी करावं लागतं. सुती, मातकट रंगाचे कपडे, टोपी, रुमाल, पाणी. मोबाइल आत चालत नाही. गाइडला 'अजून पुढे'चा आग्रह करू नका. अडचणीत तो येतो. शक्य असेल तर गावातल्या घरी उतरा, पैसा तिथेच राहतो.

• चिंचोटी-तुंगारेश्वर : पश्चिम रेल्वेवर नायगावला उतरून पूर्वेला रिक्षा. पावसाळ्यात धबधबा टाळा, बंदीचे आदेश असतात आणि ते उगाच नसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. हे अभयारण्य आहे. वनखात्याच्या नियमांनी, दिवसाउजेडी, ग्रुपने आणि स्थानिक माणसाला सोबत घेऊनच जा. त्याला त्याची मजुरी द्या. म्युझिक, बाटल्या, चुली घरीच ठेवा.

• बिबट्या समोर आलाच तर : पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका. उभं राहून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे सरका. लहान मुलांना उचलून घ्या. आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा त्याला तेवढंच हवं असतं.